पांढरा कॅलस, रिकामा आलेख

जंगली झाडांपासून औषधं, सुगंधी द्रव्यं असलं महागडं काही जैवतंत्रज्ञानाने काढायचं, या कामात येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात जनुकं असतात. माझ्याही होती. 2006 साली पॉपलर या झाडाचा जीनोम, म्हणजे त्याच्या जनुकांचा पूर्ण संच, प्रसिद्ध झाला, वृक्षांमधला पहिलाच. आता हवं तसं झाड घडवायचं तेवढं बाकी, असं वाटायचं. प्रत्यक्षात पहिलं वर्ष काळा पडलेला कॅलस (झाडाच्या तुकड्यातून वाढवलेला पेशींचा गोळा) फेकण्यात आणि फ्लास्क घासण्यात गेलं.

काम यू झाडावरचं होतं. पॅक्लिटॅक्सेल हे कर्करोगावरचं औषध मुळात पॅसिफिक यूच्या सालीतलं. रचना कळली 1971 ला, अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली 1992 ला. सालीत ते असतं जेमतेम 0.01 टक्क्याच्या आसपास, आणि पूर्ण साल सोलली की झाड गेलंच. मग युरोपीय यूच्या पानांतून जवळचा रेणू काढून पुढचं काम रसायनशास्त्रावर सोपवण्याची वाट निघाली. पानं निदान पुन्हा फुटतात. तिसरी वाट म्हणजे झाड सोडून नुसत्या पेशीच टाकीत वाढवायच्या. आम्ही तिथे होतो.

झाडाचा तुकडा कापला की फिनॉल नावाची, काळी पडणारी रसायनं झिरपतात. दोन दिवसांत मीडिया (तुकडा ज्यावर वाढवतात ते पोषक मिश्रण) कोऱ्या चहासारखा दिसतो आणि तुकडा मरतो. सल्ला मिळाला, सक्रिय कोळसा घाल. घातला. काळं पडणं थांबलं आणि वाढही! कोळसा फिनॉल शोषतो तसंच ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरकही शोषतो. मी मोजूनमापून घातलेली संप्रेरकं त्याच्या पोटात गेली होती. हे कळायला तीन आठवडे लागले. शेवटी कामाला आलं ते सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी तुकडे ताज्या मीडियावर हलवणं. कंटाळवाणं आहे, पण चालतं.

मग एक देखणी लाइन, म्हणजे एकाच मुळातून वाढवत नेलेल्या पेशींचा वंश, हाती लागली. पांढरी, भुसभुशीत, भराभर वाढणारी. मी तिचे फोटो काढून सगळ्यांना दाखवले. एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लावली तर आलेखात जिथे औषधाचं शिखर हवं तिथे सपाट रेघ. त्याच रॅकवर मागे ढकललेली तपकिरी, रडतखडत वाढणारी लाइन होती, तिच्यात मात्र माल होता. पेशी वाढीत गुंतलेली असली की असली संयुगं बनवत बसत नाही. म्हणून आधी वाढवायचं आणि मग मिथाइल जास्मोनेटसारखं, झाडाला हल्ल्याचा इशारा वाटणारं काही देऊन तिला डिवचायचं, अशी दोन टप्प्यांची पद्धत वापरतात. डिवचल्यावर वाढ मंदावते, ते धरूनच चालायचं. चांगली लाइनही वारंवार सबकल्चर करताना (नव्या मीडियावर हलवून वाढवत राहताना) उत्पादन हरवते, त्यामुळे सुरुवातीच्याच पेशी गोठवून ठेवा. मी ठेवल्या नव्हत्या.

माझ्या मते नवख्यांनी जनुकांइतकंच सेंद्रिय रसायन आणि शुद्धीकरण शिकावं. स्प्रूस झाडाच्या लाकडातल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलिन (व्हॅनिलाचा वास देणारा रेणू) बनवतात, तिथेही रेणू सुटा करून शुद्ध करण्यातच घाम निघतो. प्रयोगशाळा निवडताना मार्गदर्शकाचे शोधनिबंध बघाच, पण एचपीएलसी आठवड्यातून किती दिवस तुमच्या हाताला लागेल, हेही तिथल्या विद्यार्थ्यांना विचारून घ्या.