परदेशातलं नवं शहर पायाखाली घालताना या चुका टाळा

परदेशात राहायला गेल्यावर पहिले काही महिने बहुतेकांचं शहर म्हणजे मेट्रोची चार-पाच स्टेशनं. घराजवळ खाली उतरायचं, ऑफिसजवळ वर यायचं. मधल्या वस्त्या दिसतच नाहीत. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मेट्रोचा नकाशा तिला खतपाणी घालतो. लंडनमध्ये हॅरी बेक यांनी आखलेला नकाशा १९३३ साली लोकांच्या हातात आला. गाडी कुठे बदलायची ते त्यावर चटकन कळतं, अंतर मात्र कळत नाही. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या लागोपाठच्या स्टेशनांमध्ये जेमतेम २६० मीटर अंतर आहे! खाली उतरून गाडीत बसेपर्यंत माणूस चालत पोहोचतो. म्हणून घरी येताना एक स्टेशन आधी उतरा आणि दर वेळी वेगळ्या गल्लीने या.

पत्त्यांची पद्धत समजून न घेता हिंडणं ही दुसरी चूक. पॅरिसच्या २० विभागांचे आकडे मध्यापासून गोगलगायीच्या शंखासारखे फिरत बाहेर जातात, त्यामुळे ११व्याला लागून २०वा येतो. व्हिएन्नात रस्त्याच्या पाटीवर नावाआधी विभागाचा क्रमांक असतो. टोकियोत तर बहुतेक रस्त्यांना नावंच नाहीत, पत्ता चालतो तो ब्लॉकच्या, म्हणजे चहूबाजूंनी रस्ते असलेल्या घरांच्या गटाच्या, क्रमांकांवर. अर्धा तास देऊन हे शिकून घ्या, पुढची कित्येक महिन्यांची दमछाक वाचेल.

घर शोधत असाल तर एका फेरीत वस्तीबद्दल मत बनवू नका, हे मी कळकळीने सांगतो. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. त्या दिवशी गजबजलेला बाजाररस्ताही ओसाड वाटेल. स्टॉकहोममध्ये डिसेंबरात दुपारी तीनच्या आतच सूर्य मावळतो, तेव्हा जूनमध्ये पाहिलेली गल्ली ओळखूही येत नाही. तीच गल्ली कामाच्या दिवशी सकाळी, शुक्रवारी रात्री आणि रविवारी दुपारी बघा. बसथांब्यावरचं वेळापत्रक नीट वाचा: सुट्टीच्या दिवसाचा रकाना वेगळा असतो आणि शेवटची बस बरीच आधी सुटलेली असू शकते. वाचनालयाच्या दारावर चिकटवलेले कागदही वाचा. हरवलेलं मांजर, जुन्या सायकलींची विक्री, मुलांचे पोहण्याचे वर्ग, रस्ता खोदण्याची सूचना. तिथे कोण राहतं आणि त्यांचे दिवस कसे जातात, हे भाड्याच्या जाहिरातीपेक्षा त्या कागदांवरून जास्त कळतं.

आपली भाषा बोलणाऱ्यांच्या वस्तीतच घुटमळू नका. आधार हवाच, पण निम्मे शनिवार-रविवार तरी दुसरीकडे घालवा.

रस्ता चुकलात तर? उंच इमारतींच्या मध्ये जीपीएसचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात आणि फोनवरचा निळा ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. अशा वेळी ठिपक्यामागे धावू नका. मोकळ्या चौकात या, रस्त्याची पाटी वाचा आणि नकाशाशी ताडून बघा. मोठ्या स्टेशनातून बाहेर पडताना दाराचा क्रमांकही बघून ठेवा; चुकीच्या दाराने वर आलं की मोठा रस्ता ओलांडण्यापासून सुरुवात होते. शहराचा नकाशा इंटरनेटशिवाय उघडेल असा आधीच उतरवून घ्या आणि घरचा पत्ता कागदावर, तिथल्या लिपीत लिहून खिशात ठेवा. फोन बंद पडला तर टॅक्सीवाल्याला तोच दाखवता येईल.