ब्लेंडरमधलं मॉडेल गोडोमध्ये धड कसं न्यावं

ब्लेंडर या त्रिमितीय मॉडेल बनवायच्या प्रोग्राममध्ये छान दिसणारं मॉडेल गोडो या गेम बनवायच्या इंजिनमध्ये आणलं की कधी अवाढव्य होतं, कधी त्याला भोकं पडतात, कधी पात्र पाठमोरं चालू लागतं. यावर मिळणारा ठरलेला सल्ला म्हणजे "गोडोमध्ये स्केल कमी करून टाका, नाहीतर फिरवून घ्या". हा सल्ला ऐकू नका. मॉडेलमध्ये जरा बदल करून परत एक्सपोर्ट केलं (गोडोसाठी फाइल काढली) की ती डागडुजी पुन्हा तपासत बसावी लागते. बिघाड ब्लेंडरमध्ये झाला असेल तर दुरुस्तीही तिथेच करायची.

मॉडेल तयार आहे आणि गोडो ४ बसवलेलं आहे असं धरून चालतो.

फॉरमॅट. जीएलटीएफ २.० घ्या आणि एकाच फाइलमध्ये सगळं मावावं म्हणून त्याचा जीएलबी प्रकार निवडा. ख्रोनोस ग्रुपने २०१७ मध्ये आणलेलं हे खुलं मानक आहे आणि गोडोचा भर त्यावरच आहे. ओबीजे फॉरमॅटमध्ये अ‍ॅनिमेशन जात नाही. ब्लेंडरची स्वतःची ब्लेंड फाइल थेट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकली तरी चालते, पण गोडो पडद्याआड ब्लेंडर चालवून तिचंही जीएलटीएफच करतं. म्हणजे प्रोजेक्ट उघडणाऱ्या प्रत्येकाकडे ब्लेंडर हवं. एकट्याचं काम असेल तर ठीक, चौघांचं असेल तर जीएलबीच बरी.

ट्रान्सफॉर्म लागू करणं, म्हणजे वस्तूचं माप आणि फिरणं तिच्या बिंदूंमध्येच मुरवणं. खरी मेख इथे आहे. माझा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीने खाल्ला आहे आणि बहुतेक ट्यूटोरियल ती एका वाक्यात उरकतात.

ऑब्जेक्ट मोडमध्ये तुम्ही वस्तू मोठी केली की तिचे बिंदू हलत नाहीत. मूळ आकार तोच राहतो आणि "याला तिप्पट करून दाखव" अशी नोंद फक्त वर चिकटते. एडिट मोडमध्ये मोठी केली तर मात्र बिंदूच सरकतात. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून फसगत होते. ती नोंद एक्सपोर्टबरोबर गोडोपर्यंत जाते. तिथे त्या नोडखाली (दृश्यातल्या घटकाखाली) कोलिजन शेप, म्हणजे टक्कर ओळखणारा आकार, ठेवला की त्यालाही तेच स्केल लागतं. तिन्ही अक्षांवर स्केल वेगवेगळं असेल तर गोडो पिवळा इशारा दाखवतं, आणि तो इशारा उगाच नसतो: टक्कर भलत्याच ठिकाणी होऊ लागते.

म्हणून एन दाबून बाजूचं पॅनेल उघडा. स्केल तिन्ही ठिकाणी १ आणि रोटेशन ० दिसायला हवं. नसेल तर कंट्रोल-ए दाबून "रोटेशन अँड स्केल" निवडा. त्याच यादीत "ऑल ट्रान्सफॉर्म्स"ही आहे, त्याला हात लावू नका. त्याने वस्तूचा ओरिजिनही (ती ज्या बिंदूभोवती फिरते तो) दृश्याच्या केंद्रावर जाऊन बसतो. मग बिजागरीवर फिरायला हवं असलेलं दार कुठल्यातरी दूरच्या बिंदूभोवती गरगरत राहतं, आणि दोष स्क्रिप्टमध्ये शोधण्यात संध्याकाळ जाते.

हाडांचा सांगाडा असेल तर हे सगळं अ‍ॅनिमेशनच्या आधी उरका, मेशचंही (पृष्ठभागाच्या जाळ्याचं) आणि आर्मेचरचंही (त्या सांगाड्याचं). नंतर स्केल लागू केलं तर सरकण्याच्या कीफ्रेममधले (ठरावीक क्षणी नोंदलेल्या जागांचे) आकडे जुन्याच मापात राहतात आणि पात्राच्या हालचाली विस्कटतात. माप ठरवायला वेगळा हिशोब लागत नाही: दोन्हीकडे एक युनिट म्हणजे एक मीटर. माणूस पावणेदोन युनिट उंच करा आणि विषय संपवा.

आता भोकांचं. ब्लेंडरच्या ओव्हरले यादीत फेस ओरिएंटेशन सुरू करा. बाहेरून कुठेही लाल दिसायला नको. जिथे लाल दिसेल तिथे पृष्ठभाग उलटा आहे. एडिट मोडमध्ये सगळं निवडून शिफ्ट-एन दाबलं की बहुतेक वेळा काम होतं. पण इथे एक छुपा सापळा आहे आणि तो कुणी सांगत नाही. ब्लेंडरच्या मटेरियलमध्ये (पृष्ठभागाच्या रंग-पोताच्या मांडणीत) बॅकफेस कलिंग, म्हणजे पृष्ठभागाची मागची बाजू न दाखवणं, मुळात बंद असतं. तसंच एक्सपोर्ट केलं की मटेरियल दुतर्फी म्हणून जातं, गोडो दोन्ही बाजू रंगवतं आणि उलटे पृष्ठभाग झाकले जातात. सगळं ठाकठीक वाटतं. पुढे कधीतरी तुम्ही गोडोमध्ये स्वतःचं मटेरियल लावता, ते एकतर्फी असतं, आणि चांगल्याभल्या मॉडेलला अचानक खिंडारं पडतात. तेव्हा ब्लेंडरमध्येच प्रत्येक मटेरियलचं बॅकफेस कलिंग सुरू करून ठेवा, म्हणजे चूक तिथेच नजरेला पडेल. पानं, कापड, झेंडे यांना दुतर्फी राहू द्या. भिंतीला दुतर्फी ठेवणं हा निव्वळ आळस आहे.

राहिलं तोंड. ब्लेंडरमध्ये झेड अक्ष वर असतो, गोडोमध्ये वाय. एक्सपोर्टच्या खिडकीतली "प्लस वाय अप" ही खूण ते सांभाळते, आणि ती आधीपासून लावलेली असते. काढू नका. मात्र नमपॅडवरचं १ दाबल्यावर ज्याचा चेहरा दिसतो ते पात्र गोडोमध्ये अधिक झेडकडे तोंड करून येतं, आणि वस्तूला एखाद्या बिंदूकडे वळवणारं गोडोचं लुक-अ‍ॅट फंक्शन उणे झेडलाच पुढची बाजू मानतं. पाठमोऱ्या चालीचं कारण एवढंच. मॉडेल १८० अंशांत फिरवत बसू नका. गोडो ४.१ पासून लुक-अ‍ॅटला "यूज मॉडेल फ्रंट" हा तिसरा पॅरामीटर आहे, तो ट्रू द्या. गोडोच्या बाजूने केलेली एवढी एकच तडजोड मला मान्य आहे, कारण इथे मॉडेलमध्ये बिघाड नसतोच.

मटेरियल. प्रिन्सिपल्ड बीएसडीएफ (ब्लेंडरचा नेहमीचा मटेरियल नोड) आणि इमेज टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) एवढंच नीट जातं. नॉइजसारख्या नोडने केलेली नक्षी जात नाही. ती आधी सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडररमध्ये बेक करून, म्हणजे चित्रात उतरवून, इमेज करावी लागते. नॉर्मल मॅपची (पृष्ठभागावरच्या उंचसखलपणाचा भास देणाऱ्या इमेजची) कलर स्पेस "नॉन-कलर" ठेवा. टेक्स्चर रंगवायला क्रिटा हा चित्रकलेचा प्रोग्राम पुरेसा आहे.

कोलिजन. ऑब्जेक्टच्या नावाच्या शेवटी हायफन आणि "सी-ओ-एल" ही तीन अक्षरं जोडा, इम्पोर्ट करताना गोडो स्वतःच स्थिर कोलिजन बनवतं. जमीन आणि भिंतींसाठी उत्तम. हलणाऱ्या वस्तूंना साधा डबा किंवा कॅप्सूल हातानेच द्या.

एक्सपोर्ट. "अप्लाय मॉडिफायर्स" (मॉडेलवर चढवलेले बदल पक्के करणारी खूण) लावा, पण शेप की (चेहऱ्याच्या हावभावांसारखे साठवलेले पर्यायी आकार) असतील तर लावू नका, त्या गळून जातात.

परवाने. ब्लेंडर २००२ पासून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे, पण तो परवाना प्रोग्रामला लागतो, तुम्ही बनवलेल्या मॉडेलला नाही. मॉडेल तुमचंच, विका, वाटा, काहीही करा. गोडोचा परवाना एमआयटी आहे: पैसे नाहीत, हिस्सा नाही, मात्र गेमसोबत त्याच्या परवान्याचा मजकूर द्यावा लागतो. तो श्रेयनामावलीच्या पडद्यावर टाका. उतरवून घेतलेली टेक्स्चर वापरली असतील तर त्यांचा परवाना फाइल घेतानाच एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवा. गेम प्रसिद्ध करायच्या आदल्या रात्री कुठली इमेज कुठून आली ते आठवत नाही.