क्रूझवरच्या महागड्या रेस्टॉरंटात टिप देताना या चुका टाळा

आपल्याकडे टिपचा निकाल बडीशेपेपाशी लागतो. बिलाची घडी, शेजारी खडीसाखर, परत आलेल्या सुट्ट्यांतले किती ठेवायचे यावर नवरा-बायकोची नेत्रपल्लवी, झालं. क्रूझवर बडीशेप नसते आणि रोख पैशांचा व्यवहारही नसतो. केबिनचं कार्ड दाखवायचं आणि समोर आलेल्या पावतीवर सही करायची. त्या पावतीवर एकूण रकमेच्या वर एक कोरी ओळ असते. घोळ होतो तो तिथे.

आमचाही झाला. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला सिंगापूरहून निघालेल्या जहाजावर आम्ही इटालियन रेस्टॉरंटात टेबल घेतलं. कव्हर चार्ज, म्हणजे जेवणाचा ठरलेला दर, माणशी 45 डॉलर. पावतीवर आधी 90, त्याखाली 16.20, मग ती कोरी ओळ. 16.20 हा मला कर वाटला. वेटर लाघवी होता, रिझोटो झकास होता. मी ऐटीत 15 लिहून सही ठोकली. केबिनमध्ये आल्यावर बायकोने चष्मा लावून पावती वाचली. ते 16.20 म्हणजे 18 टक्के टिपच होती! एका जेवणावर 31.20 डॉलर टिप, आणि रोजची टिप खात्यावर चढत होती ती वेगळीच.

तेव्हा पहिली चूक हीच: पावती न वाचता कोरी ओळ भरणं. ती ओळ जादा टिपसाठी असते आणि ती रिकामी सोडली तर कोणी भुवई उंचावत नाही. आडवी रेघ मारा, एकूण रक्कम लिहा, सही करा. बारमधल्या पावतीचंही तेच, तिथेही टिप आधीच धरलेली असते.

दोन टिपांची गल्लत

जहाजावर टिप दोन वाटांनी जाते. एक रोजची, माणशी. क्रूझ कंपन्यांपैकी रॉयल कॅरिबियनवर साध्या केबिनसाठी ती 18.50 डॉलर, नॉर्वेजियनवर 20 डॉलर. स्वीट, म्हणजे मोठी ऐसपैस केबिन, घेतला की आणखी वर. हे दर वर्षा-दोन वर्षांनी चढतात, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर पाहा. या पैशात मेन डायनिंग रूममधले (जिथलं जेवण भाड्यातच धरलेलं असतं) वेटर, त्यांचे मदतनीस, केबिन आवरणारे आणि पडद्यामागे राबणारे इतर लोक येतात. मुलांचीही टिप लागते, अगदी तान्ह्यांना काही ठिकाणी सूट असते. चौघांचं कुटुंब, सात रात्री, 18.50 चा दर: 518 डॉलर. डॉलर नव्वदीच्या आसपास धरला तर साडेसेहेचाळीस हजार रुपये. टूर कंपनीच्या पत्रकात ‘सर्व समाविष्ट’ लिहिलेलं असलं तरी टिप त्यात आहे का, हे लेखी विचारून घ्या.

दुसरी वाट स्पेशालिटी रेस्टॉरंटची. स्टेकहाऊस, सुशी, फ्रेंच, इटालियन अशी जिथे जेवणाचे वेगळे पैसे पडतात, ती ठिकाणं. तिथे रॉयल कॅरिबियन 18 टक्के लावते, नॉर्वेजियन आणि सेलिब्रिटी क्रूझेस ही कंपनी 20. ही रक्कम रोजच्या टिपमधून वळती होत नाही. ‘त्या रात्री आम्ही मेन डायनिंगला गेलोच नाही, मग त्या दिवशीची टिप कशाला?’ हा प्रश्न आमच्या ग्रुपमध्ये दर सहलीला कोणीतरी विचारतंच. तुमची केबिन त्या दिवशीही आवरली गेली, सकाळचा नाश्ताही कोणीतरी वाढलाच की.

‘फुकट’ जेवणाचं बिल

पॅकेजमध्ये दोन स्पेशालिटी जेवणं मोफत मिळाली म्हणून खूश होऊन जाणारे काही कमी नाहीत. काही पॅकेजांत जेवण मोफत असतं, पण टिप त्याच्या मूळ किमतीवर लागते. दारूच्या पॅकेजचंही असंच. बुकिंग करतानाच टिपसकट आकडा मागा.

उलट टोकालाही एक चूक होते. रिजंट, सीबोर्न, सिल्व्हरसी या खऱ्या अर्थाने महागड्या कंपन्यांच्या भाड्यातच टिप धरलेली असते. तिथे रोज रात्री पाकिटातून नोटा काढणारा माणूस उदार दिसत नाही, अवघडलेला दिसतो.

इथला नियम तिथे लावणं

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी हॉटेलांना आपोआप सर्व्हिस चार्ज लावायला मनाई केली आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून आपण सगळेच थोडे वकील झालो आहोत. पण बहामा किंवा पनामाचा झेंडा लावलेल्या जहाजावर, सिंगापूरच्या पुढच्या समुद्रात, हा मुद्दा काढून उपयोग नाही. रोजची टिप कमी करायची किंवा काढायची सोय बऱ्याच कंपन्या देतात. गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर सांगावं लागतं. सेवा खरंच वाईट मिळाली असेल तर आधी तक्रार करा, लगेच, त्याच संध्याकाळी. शेवटच्या दिवशी पैसे वाचवायला टिप काढणं मात्र मला पटत नाही. तो पैसा सगळ्यांत वाटला जातो, त्यामुळे एका उर्मट वेटरची शिक्षा धुलाईखान्यात कपडे धुणाऱ्यालाही बसते. गोव्यात घराघरांत कोणी ना कोणी तारवटी असतो, शिपवर सहा-आठ महिने कंत्राटावर राबणारा. टिप त्याच्यासाठी पगाराचाच भाग आहे.

‘टिप काढून टाकू आणि आपल्या वेटरला हातात रोख देऊ’ हा तोडगाही वाटतो तितका सरळ नाही. काही कंपन्यांत अशा पाहुण्यांनी दिलेली रोकडही वेटरला सामाईक गल्ल्यात जमा करावी लागते.

मग हातात कधी द्यायची?

यावर माझं ठाम मत आहे: तुमच्यासाठी कोणी नेमून दिलेल्या कामापलीकडे गेलं असेल तेव्हा. आपल्या लोकांच्या बाबतीत हा माणूस बहुधा हेड वेटर असतो. सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही, काकांचा चातुर्मास आहे, हे पहिल्या रात्री ऐकून घेऊन तो दुसऱ्या दिवसापासून मेन्यूत नसलेली डाळ, भात, साधी भाजी हजर करतो. काही कंपन्यांत रोजच्या टिपमधला वाटा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. आठवड्याअखेर त्याला 20-25 डॉलर द्यावेत, पाकिटात घालून, नाव घेऊन. स्पेशालिटी रेस्टॉरंटात 18-20 टक्के आधीच गेलेले असतात. जेवण संस्मरणीय झालं तर दोघांमागे 5 ते 10 डॉलर वर ठेवा, नाहीतर मनापासून थँक्यू पुरे. खोलीत जेवण आणून देणाऱ्याला 2-3 डॉलर.

यासाठी एक आणि पाचच्या नोटा लागतात. फॉरेक्सवाला न मागता पन्नास-शंभरच्याच देतो, म्हणून चार दिवस आधी सांगून ठेवा. नाणी देऊ नका, ती बदलून मिळत नाहीत.

आकडा चुकला तर

चुकून दोनदा टिप गेली, किंवा न घेतलेल्या वाइनचे पैसे लागले, तर पावतीचा फोटो घेऊन त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटरवर जा. माझे 15 डॉलर परत मागायला मी गेलो नाही, लाज वाटली; पण मागितले असते तर मिळाले असते, असं नंतर शेजारच्या केबिनवाल्यांनी सांगितलं. त्यांनी मागितले होते. खातं अॅपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर रोज दिसतं. शेवटच्या सकाळी मात्र काउंटरवर विठोबाच्या रांगेसारखी रांग लागते.

जहाजाच्या खात्याला फॉरेक्स कार्ड जोडलं असेल तर आणखी एक डोकेदुखी: खर्चापोटी रक्कम अडवून ठेवली जाते आणि उतरल्यावरही काही दिवस सुटत नाही. बंदरावरच्या टॅक्सीसाठी दुसरं कार्ड हाताशी असू द्या. बिल रुपयांत करू का, असं विचारलं तर डॉलरमध्येच ठेवा. तो रुपयांचा दर तुमच्या सोयीचा नसतो.

परतल्यावर ईमेलने एक प्रश्नावली येते. ती आपण उडवून टाकतो. तिच्यात वेटरचं नाव, टेबल आणि त्याने काय केलं हे दोन ओळींत लिहा. बढतीच्या वेळी या नोंदी पाहिल्या जातात. त्या इटालियन रेस्टॉरंटातल्या पोराचं नाव पावतीवर छापलेलं होतं, ते मी तसंच उतरवून पाठवलं.