पाचवीतल्या मुलाला नेमकं किती वाचता येतं, ते असं तपासा

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पाचवीच्या मुलाला दुसरीची गोष्ट वाचता येत नसेल, तर त्याच्यापुढे पाचवीचं पुस्तक ठेवून काहीच साधत नाही. ते मूल कुठे अडलंय हे आधी कळायला हवं. ग्रामीण मुलांना किती वाचता येतं हे घरोघर जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या पाहणीत २००५पासून वापरली जाणारी पद्धत शिक्षकांना आणि पालकांनाही जमते.

एका कागदावर ठळक अक्षरांत चार गोष्टी लिहा: दहा सुटी अक्षरं, दहा साधे शब्द (घर, माती, पिशवी), चार सोप्या वाक्यांचा उतारा आणि आठ-दहा वाक्यांची गोष्ट. जोडाक्षरं फक्त गोष्टीत घ्या. मजकूर पुस्तकातला नको. तो मुलांना पाठ असतो, चित्र पाहून ती धडाधडा म्हणतात आणि आपण फसतो. शंका आली तर ओळीतल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा.

एकेका मुलाला बाजूला बसवा. वर्गासमोर वाचायला लावलं तर येत असलेलंही अडतं. सुरुवात उताऱ्यापासून करा. तीनपर्यंत चुका झाल्या आणि वाक्य सलग वाचलं, तर गोष्ट द्या. एकेक शब्द तोडत वाचत असेल तर शब्दांवर या. दहापैकी कोणतेही पाच शब्द विचारा; त्यांतले चारपेक्षा कमी बरोबर आले, तर अक्षरांवर. ध-घ, भ-म यांत गोंधळ होत असेल तर तसं नावापुढे लिहून ठेवा.

आता तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता न पाहता पातळीप्रमाणे बसवा आणि रोज एक तास फक्त वाचन घ्या.

अक्षरांच्या गटाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. का, कि, की, कु असं सुरात म्हणणाऱ्या मुलाला सुटा 'की' दाखवला तर तो पुन्हा 'क'पासून म्हणत येतो. कारण त्याला क्रम पाठ आहे, वेलांटीची ओळख नाही. म्हणून बाराखडीची कार्डं पिसून दाखवा, त्याच कार्डांतून 'काकी', 'कपाट' असे शब्द जुळवून घ्या. नुसतं फळ्यावरून उतरवून घेऊ नका. न वाचताही सुंदर अक्षरात वही भरते.

दर तीन आठवड्यांनी नव्या मजकुरावर पुन्हा तपासा आणि गट बदला. कोणत्या गटात किती मुलं आहेत, तो आकडा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवा. कायद्याने समितीत पाऊण सदस्य पालकच असतात, आणि हा आकडा त्यांना गुणपत्रकातल्या श्रेणीपेक्षा लवकर कळतो.