सीमाभागातील घरात मुलांना ख्रिस्ती श्रद्धेत वाढवताना

मुलांना रविवारी चर्चमध्ये नेले आणि शब्बाथ शाळेत किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात बसवले, म्हणजे आपले कर्तव्य झाले, असे आपल्यापैकी पुष्कळ आईवडील धरून चालतात. वास्तविक पाळकसाहेब, फादर किंवा सिस्टर यांच्या हाती मूल आठवड्यातून जेमतेम दोन तास असते. उरलेले सगळे दिवस ते आपल्याजवळ, शेजाऱ्यांत आणि शाळेत असते. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलाबाळांच्या मनावर बिंबवण्याची आज्ञा केवळ याजकांना नव्हे, सगळ्या इस्राएलाला दिलेली आहे, आणि त्यासाठी सांगितलेल्या वेळाही घरी बसण्याच्या, वाटेने चालण्याच्या, निजण्याच्या आणि उठण्याच्या आहेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत ज्या ख्रिस्ती कुटुंबांच्या घरात मराठी आहे, शाळेत इंग्रजी किंवा कन्नड आहे आणि शेजार बहुतांशी अन्य धर्मीयांचा आहे, त्यांना या वेळा कशा वापरता येतील, हे येथे सांगण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम कौटुंबिक उपासनेची वेळ ठरवावी. दिवेलागणीनंतर आणि जेवणापूर्वीची दहा मिनिटे सर्वांत सोयीची असतात, कारण त्या वेळी मुले बाहेरून परतलेली असतात आणि झोपेला आलेली नसतात. टीव्ही बंद करावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, वडिलांनीही. एक गीत, शुभवर्तमानातला एखादा लहान प्रसंग आणि थोडक्यात प्रार्थना, एवढे पुरे. उपासना लांबली की मुले तिला कंटाळतात आणि तो कंटाळा पुढे देवालाच चिकटतो, हे मी अनेक भाविक घरांत पाहिले आहे. गीतांची आपल्याला उणीव नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी आपल्याच मातीतल्या चालींना साजतील अशी भक्तिगीते लिहून ठेवली आहेत. ती पेटी नसली तरी टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणता येतात, आणि मूल स्वयंपाकघरात मदत करताना तेच गीत आपणहून गुणगुणू लागते.

प्रार्थना कोणत्या भाषेत करावी, हा प्रश्न आपल्याकडे खरोखरच पडतो. ज्या भाषेत मूल आईजवळ रडते त्या भाषेत त्याने देवाजवळ बोलावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे शाळेत पाठ केलेली इंग्रजी प्रार्थना त्याला येत असली तरी घरी मराठीतच, आणि स्वतःच्या शब्दांत, प्रार्थना करू द्यावी. मात्र कन्नड वचने त्याच्यापासून दूर ठेवू नयेत. तेविसाव्या स्तोत्रात मराठीत ‘मेंढपाळ’ म्हटले आहे आणि कन्नडमध्ये ‘कुरुब’ म्हटले आहे. सुगी संपल्यावर आपल्या शिवारांत मेंढरे बसवायला येणारे धनगर आणि कुरुब मुलांनी पाहिलेले असतात. एखाद्या संध्याकाळी मुलांना मुद्दाम अशा शेताच्या बांधावर घेऊन जावे. मेंढरांच्या भोवती रात्रभर जागणारा माणूस, चालता न येणारे कोकरू खांद्यावर घेऊन निघालेली त्याची बायको, हाक ओळखून माघारी वळणारा कळप हे सारे त्यांना पाहू द्यावे, शक्य तर त्या माणसाशी बोलू द्यावे. त्या रात्री उपासनेत ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे वाचले, तर वेगळा अर्थ सांगण्याची गरजच उरत नाही.

बायबलमधली रूथची गोष्टही अशीच शेतातली आहे. कापणी करताना शेताचे कोपरे पुरते कापू नयेत आणि पडलेला सरवा वेचू नये, तो गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, असा नियम ‘लेवीय’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि परक्या देशातून आलेली रूथ त्याच नियमाच्या आधाराने बवाजाच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवते. ज्यांची शेती आहे त्यांनी भाताच्या किंवा भुईमुगाच्या काढणीच्या दिवशी मुलांना सोबत घ्यावे आणि काही भाग खरोखरच सोडून द्यावा. शहरात राहणाऱ्यांनी भात शिजवण्यापूर्वी मूठभर तांदूळ वेगळ्या डब्यात काढण्याचे काम मुलाकडे सोपवावे आणि महिनाअखेरीस तो डबा गरजू घरी त्याच्याच हाताने पोहोचवावा. देताना त्या घराचे नाव चारचौघांत घेऊ नये, हेही त्याला तेव्हाच शिकवावे.

आता सर्वांत अवघड आणि माझ्या मते आपल्या भागात सर्वांत आवश्यक असा विषय. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. १ नोव्हेंबरला एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिन. मोठ्यांच्या मनातले दुःख खरे आहे, आपल्या भाषेसाठी न्याय मागणे हे काही पाप नव्हे, आणि मुलांपासून हा इतिहास लपवण्याचे कारण नाही. परंतु जेवताना आपण दुसऱ्या भाषेच्या माणसांविषयी कोणते शब्द वापरतो, हे मुले बारकाईने ऐकत असतात. येशूने शेजारी कोण हे सांगताना रस्त्यावर पडलेल्या माणसासाठी थांबलेल्या शोमरोन्याची गोष्ट सांगितली, ती यहूदी आणि शोमरोनी यांचे एकमेकांशी व्यवहार नव्हते अशा काळात. ही गोष्ट मुलांना सांगताना शोमरोनी म्हणजे ‘एक चांगला माणूस’ असे म्हणून मोकळे होऊ नये. रस्त्यावर पडलेला माणूस मराठी बोलणारा आहे, त्याच्याजवळून त्याचीच भाषा बोलणारे, त्याच्याच चर्चमधले दोघे निघून गेले आणि थांबला तो कन्नड बोलणारा, अशी ती सांगावी. दुसऱ्या दिवशी बाजू उलटवून पुन्हा सांगावी. मग मुलांना प्रश्न विचारावा आणि त्यांना बोलू द्यावे. यापुढची पायरी म्हणजे कन्नड शेजारीण अक्कांच्या घरी नाताळच्या करंज्या घेऊन मुलांनाच पाठवणे आणि त्यांच्याशी येईल तेवढ्या कन्नडमध्ये बोलण्यास सांगणे.

शेजाऱ्यांच्या सणांविषयीही घरात आधीच एकमत असावे, म्हणजे गणपतीच्या दिवसांत मुलाला दारात उभे राहून गोंधळावे लागणार नाही. प्रसादाच्या बाबतीत आपल्या वेगवेगळ्या चर्चमंडळ्यांत मतभेद आहेत. पौलानेही करिंथकरांस लिहिताना या विषयाचा विचार दुसऱ्याच्या विवेकाला जपून केला आहे. आपण जे ठरवू ते मुलाला नम्र शब्दांत सांगता आले पाहिजे, आणि नकार द्यायचा असेल तर त्यात तुच्छता नसावी. दिवाळीत गल्लीतल्या सवंगड्यांबरोबर मातीचा किल्ला बांधण्यात मात्र श्रद्धेला बाधा येण्यासारखे मला काही दिसत नाही. मुलांना हात मातीने भरू द्यावेत.

शिस्तीच्या बाबतीत इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातले वचन बापांना उद्देशून आहे, हे आपण सोयीने विसरतो. मुलांना चिरडीस आणू नका, असे ते सांगते. माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना गणितात कमी गुण मिळाले म्हणून मी त्याला पाहुण्यांसमोर टाकून बोललो. त्या संध्याकाळी प्रभूची प्रार्थना म्हणताना ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ या शब्दांपाशी तो गप्प झाला, आणि पुढे म्हणेचना. त्याला काय झाले आहे हे मला समजले. मी त्याची क्षमा मागितली, सर्वांसमोर, कारण बोललो होतो तेही सर्वांसमोरच. तेव्हापासून आमच्या घरात त्या ओळीनंतर क्षणभर थांबण्याची रीत आहे. ज्याला कोणाजवळ काही कबूल करायचे असेल त्याने त्या वेळी करावे, आणि मोठ्यांनी आधी करावे. मुलाला क्षमा शिकवण्याचा याहून परिणामकारक मार्ग मला सापडलेला नाही. क्षमा मागताना ‘पण तूही अभ्यास करायला हवा होतास’ असे शेपूट जोडू नये.

आजी-आजोबा हयात असतील तर आपल्या घराण्यात श्रद्धा कशी आली, हे त्यांच्याकडून मुलांना ऐकू द्यावे. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले आणि कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला, हे पुस्तकात मिळेल. पणजीने कोणत्या संकटात कोणते स्तोत्र धरून ठेवले, हे आजीच सांगू शकेल. ते सांगणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

तेरा-चौदा वर्षांनंतर मुले प्रश्न विचारू लागतात, आणि काही मुले चर्चला येण्याचे टाळतात. अशा वेळी येशूचा शिष्य थोमा याची आठवण ठेवावी: त्याने येशूच्या पुनरुत्थानाविषयी शंका बोलून दाखवली तेव्हा येशूने त्याला शिष्यांतून घालवले नाही, आपले हात पुढे केले. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगावे आणि पाळकसाहेबांकडे किंवा फादरकडे मुलासोबत जावे. पुढे शिक्षणासाठी पुण्याला किंवा बेंगळुरूला गेलेल्या मुलाला रविवारी रात्री फोन करताना ‘चर्चला गेलास का?’ हा प्रश्न पहिला नसावा. जेवण कसे आहे, मित्र कोण आहेत, हे आधी विचारावे. मग दोन्हीकडून एकच स्तोत्र काढून एक वचन आईने आणि एक त्याने, असे आळीपाळीने वाचावे.