स्लॅब सोपवताना काँक्रीटची गाडी परत पाठवण्याचा अधिकारही द्या

ज्युनिअर इंजिनीअरला ‘उद्याचा स्लॅब तू बघ’ एवढंच सांगितलं म्हणजे जबाबदारी दिली असं होत नाही. त्याने स्वतः काय ठरवायचं, काय विचारून करायचं आणि काम कुठे थांबवायचं, हे आदल्या दिवशी लेखी द्या. तुटलेले कव्हर ब्लॉक (सळईखाली ठेवायचे छोटे ठोकळे) बदलणं, ढिले प्रॉप (स्लॅबला खालून दिलेले टेकू) घट्ट करून घेणं, स्लंप (काँक्रीट किती पातळ-घट्ट आहे याचं माप) मर्यादेबाहेर असलेली गाडी परत पाठवणं हे सगळं त्याच्या हातात. सळईचा व्यास किंवा अंतर बदलायचं तर मात्र स्ट्रक्चरल डिझायनरची लेखी मंजुरी हवीच.

यात गाडी परत पाठवण्याचा अधिकार सगळ्यात मोलाचा. तो नसला की ठरलेलं घडतं: काँक्रीट घट्ट आलंय, पंपवाला कुरकुरतोय, मुकादम म्हणतो ‘थोडं पाणी मारा’, आणि तुमचा फोन लागेपर्यंत गाडीच्या ड्रममध्ये पाइप सोडलेला असतो. पाणी-सिमेंट गुणोत्तर वाढलं की ताकद घटते. २८ दिवसांनी क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) नापास झाल्यावर पोराला झापून काय उपयोग?

तपासायला तुम्ही जरूर जा, पण सांगून आणि ठरलेल्या वेळी: सळई बांधून झाल्यावर आणि पहिल्या गाडीच्या स्लंपला. मध्येच येऊन कामगारांना परस्पर सूचना दिल्यात, तर मुकादम ज्युनिअरला विचारणंच सोडतो. चूक दिसली तर त्याला बाजूला घ्या, दुरुस्ती त्याच्या तोंडून सांगू द्या. अपवाद जिवाच्या धोक्याचा. प्रॉप सरकताना दिसला तर जो पाहील त्याने ओरडून काम थांबवायचं.