झुंबा ठेवण्याआधी पाण्याचा कूलर बघा

एमएसडब्ल्यू किंवा एमबीए-एचआर करून नुकतीच नोकरीला लागलेली मुलंमुली मला एक प्रश्न हमखास विचारतात : ‘मॅडम, कंपनीने वेलनेस प्रोग्रॅम करायला सांगितलाय, सुरुवात कुठून करू?’ तोवर बहुतेकांची पीपीटी तयार झालेली असते. २१ जूनला योग दिन, १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन, मध्ये कुठेतरी स्टेप चॅलेंज, झुंबा आणि शेवटच्या स्लाइडवर एखाद्या ॲपचं कोटेशन. पीपीटी वाईट नसते. फक्त तिच्यात त्यांचा कारखाना कुठेच नसतो. नाव बदललं की ती शेजारच्या कंपनीतही चालते.

मी भोसरी-चाकण पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत कामगार कल्याणाचं काम केलं. त्यामुळे पुढचं सगळं शॉप फ्लोअरवरचं आहे. आयटीवाल्यांनी आपल्यापुरतं घ्यावं. पाठ आणि झोप तिथेही बिघडतेच.

पहिल्या महिन्यात काहीही आयोजित करू नका. ओएचसीत, म्हणजे कारखान्याच्या दवाखान्यात, जाऊन बसा. डॉक्टर ठरावीक वेळेलाच येतात, दिवसभर तिथे असतो तो ब्रदर किंवा सिस्टर, आणि कारखान्याची खरी तब्येत त्यांनाच ठाऊक असते. त्यांच्याकडून गेल्या वर्षाचा गोषवारा मागा. नावं नकोत, फक्त लाइन, पाळी आणि तक्रार. डोकेदुखी कुठल्या शेडमधून जास्त येते, बोटं कुठल्या पाळीत कापतात, ॲसिडिटीच्या गोळ्या कोणत्या आठवड्यात संपतात. मग तिन्ही पाळ्यांत फिरा. रात्रपाळीलाही जा, आणि पहाटे तीनला कँटीनमध्ये काय मिळतं ते खाऊन बघा.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. एका कारखान्यात असेंब्लीवर बहुतेक बायका होत्या आणि दवाखान्यात लघवीच्या जळजळीच्या तक्रारी थांबत नव्हत्या. भिंतीवर छानसं पोस्टर होतं : ‘दिवसाला आठ ग्लास पाणी प्या.’ त्याच पोस्टरखाली बसून डबा खाताना एक ताई म्हणाल्या, ‘मॅडम, पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि गेलं की सुपरवायझर घड्याळ बघतो.’ स्वच्छतागृह शेडच्या दुसऱ्या टोकाला होतं. लाइन सोडायची तर जागेवर रिलीव्हर, म्हणजे तेवढ्यापुरता बदली कामगार, लागायचा, आणि रिलीव्हर दोन लाइनींत मिळून एकच. मग बायकांनी आपला उपाय काढला होता : सकाळी घरून निघाल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाणीच प्यायचं नाही. उन्हाळ्यातसुद्धा. इथे आहारतज्ज्ञांचं व्याख्यान ठेवून काय होणार? प्रत्येक लाइनला सकाळ-दुपार रिलीव्हर मिळाला, लाइनजवळ एक जादा स्वच्छतागृह झालं, आणि दवाखान्यातल्या तक्रारी हळूहळू कमी झाल्या. या कामाचा एकही फोटो कंपनीच्या न्यूजलेटरमध्ये आला नाही, हेही सांगून ठेवते.

कायदा वाचलेला असू द्या, कारण तुम्ही ‘उपक्रम’ म्हणून जे मांडणार आहात त्यातलं बरंचसं मुळात मालकाचं कर्तव्य असतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात २५० हून अधिक कामगार असतील तर कँटीन आणि उन्हाळ्यात थंड पाणी, ३० हून अधिक स्त्री कामगार असतील तर पाळणाघर, ५०० कामगारांपासून कल्याण अधिकारी, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यात हे आकडे बदललेत आणि ठरावीक वयापुढच्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मोफत करून देणंही मालकाकडे आलंय. आपल्या कारखान्याला नेमकं काय लागू होतं ते कायदा सल्लागाराकडून लेखी घ्या. मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० ला, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे आणि त्यांच्या गिरणी कामगारांनी लावून धरली म्हणून. त्याहून मोठा वेलनेस प्रोग्रॅम मला तरी माहीत नाही.

आता व्यवस्थापनाला कधीही न आवडणारी गोष्ट. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. चिठ्ठी टाकल्यासारखे गट पाडले. काहींना तपासण्या, वर्ग, बक्षिसं असा सगळा वेलनेस प्रोग्रॅम दिला, बाकीच्यांना दिला नाही. २०१९ मध्ये निकाल छापून आले. औषधोपचाराचा खर्च, हजेरी, कामाची गुणवत्ता, कशातच म्हणावा असा फरक नव्हता. त्याच वर्षी बीजेज होलसेल क्लब या दुकानसाखळीतल्या जवळपास ३३ हजार कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. तिथे दीड वर्षानंतर लोक आपण नियमित व्यायाम करतो असं जास्त सांगू लागले, पण रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि गैरहजेरी होती तिथेच राहिली. इलिनॉयच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भाग घेणारे आणि न घेणारे एवढीच तुलना केली असती तर प्रोग्रॅम एकदम यशस्वी दिसला असता, कारण आले तेच मुळात तब्येतीने बरे होते आणि त्यांचा औषधोपचाराचा खर्चही आधीपासून कमी होता. तुमच्या पहाटेच्या योगवर्गालाही तेच येतील जे आधीपासून टेकडी चढतात. त्यामुळे ‘एक रुपया घाला, तीन रुपये परत’ अशी स्लाइड कोणी विकायला आलं तर चहा पाजा आणि निरोप द्या.

उलट काही गोष्टी साध्या असतात आणि लागू पडतात. आसाममधल्या चहाच्या मळ्यांत चाळिशीपुढच्या, जवळचं कमी दिसणाऱ्या कामगारांना जवळचे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पानतोडणी वीस टक्क्यांहून अधिक वाढली. हा अभ्यास २०१८ चा. आपल्याकडे इन्स्पेक्शनच्या, म्हणजे तयार भाग मापून तपासण्याच्या, टेबलावर जाऊन उभे राहा. कोणी मापाची व्हर्निअर पट्टी हातभर लांब धरून वाचतोय का, कोणी गेजवरचा, म्हणजे मापयंत्रावरचा, आकडा शेजारच्या पोराला विचारतोय का ते बघा. ही माणसं आपणहून सांगत नाहीत. दिसत नाही म्हटलं की स्टोअरला किंवा पॅकिंगला पाठवतील ही धास्ती असते. नेत्रतपासणी आणि जागेवर चष्मा, एवढं एकच काम पहिल्या वर्षात केलंत तरी चालेल. चष्मा मात्र हातात पडला पाहिजे. चिठ्ठी दिलीत तर ती खिशातच राहते.

तपासणी शिबिराचा विषय निघालाच आहे तर सर्वांत जास्त सांभाळायची गोष्ट म्हणजे गुप्तता. बहुतेक शिबिरं इथेच फसतात. रिपोर्टांचा गठ्ठा एचआरच्या टेबलावर येतो, तिथून सुपरवायझरपर्यंत जातो, आणि आठवड्याभरात ‘त्याला शुगर आहे, त्याला ओटी नको’ सुरू होतं. ओव्हरटाइम गेला म्हणजे घराच्या हप्त्याचा प्रश्न आला. पुढच्या वर्षी तो माणूस शिबिराच्या दिवशी रजा टाकतो. कंत्राटी कामगारांची भीती याच्या दुप्पट, कारण त्यांना ठेकेदार एका फोनवर गेटबाहेर थांबवू शकतो. म्हणून डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या : रिपोर्ट बंद पाकिटात ज्याचा त्याला, व्यवस्थापनाला फक्त एकत्रित आकडे, आणि विभाग इतका लहान असेल की माणूस ओळखू येईल तर त्याचा आकडा वेगळा द्यायचाच नाही. कामासाठी फिट की अनफिट ही कायदेशीर तपासणी वेगळी. तिची गल्लत या शिबिराशी होऊ देऊ नका. हा ठराव मराठी आणि हिंदी, दोन्हीत नोटीस बोर्डावर लावा. चाकणमध्ये निम्मी लाइन बिहार-ओडिशाची असू शकते, हे आपण मराठीतून परिपत्रकं काढताना विसरतो. आणि कंत्राटी कामगार उपक्रमात नसतील तर उपक्रम करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. अवजड, गरम, धुळीचं काम बहुधा तेच करत असतात.

कँटीनच्या वाट्याला जपून जा. पोहे-वडा बंद करून एकदम ओट्स आणि सॅलड आणलंत तर दुसऱ्या दिवशी गेटबाहेरच्या वडापावच्या गाडीवर रांग लागते आणि कँटीन कमिटीत तुमचं नाव निघतं ते वेगळंच. छोटे बदल टिकतात. चहाच्या थर्मासशेजारी बिनसाखरेच्या चहाचा दुसरा थर्मास ठेवा, साखर वेगळी. लोणचं-पापड ताटात वाढण्याऐवजी काउंटरवर ठेवा. रात्रपाळीला उरलेलं गरम करून देण्याऐवजी ताजी खिचडी. ठेकेदार कुरकुरतो, त्याला तेलाचा हिशेब दाखवा.

पाळ्यांचं वेळापत्रक हा विषय एचआरचा नाही असं प्रॉडक्शनवाले म्हणतील. आहे. पाळी बदलताना पहिली, मग दुसरी, मग तिसरी असं पुढे सरकणं झोपेला सोपं जातं. तिसरीवरून दुसरीवर उलटं येणं जड जातं. यासाठी पैसा लागत नाही, फक्त प्लॅनिंगवाल्याला आणि युनियनच्या प्रतिनिधीला एका खोलीत बसवावं लागतं. युनियनला आधी सांगा, बोर्डावर नंतर लावा. हा क्रम उलटा झाला की चांगल्यातली चांगली योजना ‘मॅनेजमेंटची’ ठरते.

मन, दारू आणि कर्ज या तीन गोष्टी कामगार वेगवेगळ्या सांगत नाही; त्या एकत्रच येतात, आणि बहुधा पगाराच्या आधीच्या आठवड्यात येतात. त्यावर व्याख्यान नको, पत्ता हवा. सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. हा नंबर लॉकरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, बाहेरच्या नको. व्यसनासाठी पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. उपचारासाठी रजा लागली तर ती कोणत्या नावाने भरायची, हजेरीत काय दिसेल, हे आधी ठरवून ठेवा. माणूस त्या एका प्रश्नावर अडतो आणि परत फिरतो.

प्लांट हेड विचारतीलच, ‘यातून कंपनीला काय मिळालं?’ पाचशे जणांनी भाग घेतला हे उत्तर नव्हे. दोन-तीनच आकडे धरा आणि ते सुरुवातीच्या आधीचेही हवेत : तिसऱ्या पाळीची गैरहजेरी, एका विशिष्ट लाइनवरून दवाखान्यात येणाऱ्या तक्रारी, नोकरी सोडून जाणारे नवे ऑपरेटर. एका शेडमध्ये बदल करा, तसंच काम चालणारी दुसरी शेड तूर्त आहे तशी ठेवा आणि दोन्हींचे आकडे शेजारी मांडा. फरक पडला नसेल तर तेही लिहा. प्लांट हेड मंडळींना रिजेक्शनचे, म्हणजे नापास झालेल्या मालाचे, खरे आकडे रोज बघायची सवय असते, त्यांना तुमचं खरं बोलणं पटतं. सगळं एका पानात बसवा आणि ते पान जानेवारीच्या आढाव्यात टेबलावर ठेवा. फेब्रुवारीत बजेट गोठतं. मार्चमध्ये गेलात तर पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत थांबावं लागतं.